हसनसाठी दोन ओळी

लीड्स, ९ मार्च १९८६

चि. यमुनास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्र लिहिण्यास कारण, मिलमधला माझ्या जोडीचा हसन परकार, चिपळूणचा, बायको आणि पंधरा वर्षांच्या सकिनाला इकडे आणायचं म्हणतो. तो लग्न झालेला, मुलीचा बाप आहे, अशा दोन ओळी व्हिसाच्या साहेबांना माझ्याकडून हव्यात.

मला यात पाणी मुरताना दिसतं. मशिदीत त्याची शंभर माणसं, मग माझ्याच दाराशी का? पुतणीला मुलगी म्हणून आणणारे थोडे आहेत का? बहात्तर साली आम्ही एका घरात खोल्या घेतल्या, तेव्हा फॉर्मवर त्यानं ‘सिंगल’ लिहिलं. मी शेजारीच उभा होतो. मीही तेच लिहिलं, पण माझी गोष्ट वेगळी. मी पाहिलं तेवढंच लिहीन. तुझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातली खबर कळव.

तुझा दादा,
यादवराव

नॉटिंगहॅम, १६ मार्च १९८६

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि. दूधवाला बदलला तरी पडद्याआडून बघणारे तुम्ही, तेव्हा नवल वाटलं नाही. पण घरमालक लग्न झालेल्यांना खोली देत नव्हता, म्हणून तुम्ही दोघांनी तसं लिहिलं, हे तुम्हीच मला हसत सांगितलं होतंत. मग तुमची गोष्ट वेगळी कशी?

सत्त्याहत्तरला चंदावहिनींना आणताना साहेबांनी तुमच्यावरही संशय घेतला होता. तेव्हा पत्र हसनभाईंनीच दिलं ना? ती ‘सिंगल’ची ओळ लिहू नका. शंका असेल तर त्यांना चहाला बोलवा आणि तोंडावर विचारा.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची यमुना

लीड्स, २१ मार्च १९८६

चि. यमुनास,
आशीर्वाद. तुझं पत्र काल आलं आणि साहेबांना माझं सोमवारीच गेलं. ती ओळ त्यात आहे. खरं तेच लिहिलं, मग भ्यायचं कशाला? हसननं पाकीट उघडून बघायलाही मागितलं नाही. हेही मला जरा विचित्रच वाटतं.

यादवराव

लीड्स, ४ नोव्हेंबर १९९०

चि. यमुनास,
आशीर्वाद. चार वर्षं लपवलेलं आज लिहितो. सकिनाला नकार आला, तो कागद हसननं वाचून दाखवायला माझ्याकडेच आणला होता. त्यात माझी ओळ जशीच्या तशी होती. मी तेवढी गाळून वाचलं.

आता रक्ताची टेस्ट झाली. मुलगी त्याचीच निघाली. पण ती एकोणीस वर्षांची झाली, आणि साहेब म्हणतात की अठरानंतर मूल धरत नाहीत. बायकोला यायला हरकत नाही, पण ती लेकीला टाकून येत नाही. हसन कुणालाच बोल लावत नाही. परवा मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्यानं अपिलासाठी पुन्हा माझ्याकडेच पत्र मागितलं.

चंदाबाईच्या पेटीत त्यानं दिलेल्या पत्राची कॉपी सापडली. मोडक्या इंग्रजीत लिहिलंय: ‘यादवरावच्या बायकोला मी पाहिलेलं नाही. पण तिनं पाठवलेली चटणी पाच वर्षं खातो आहे, म्हणून ती आहे.’

यमुना, त्याच पाच वर्षांत त्याच्या बायकोनं पाठवलेले सोडे मीही खाल्ले. पार्सलवर सकिनाच्या बोटांचे शाईचे ठसे असायचे, ते तो मला दाखवायचा. हे सगळं मी पाहिलेलंच होतं.

लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही.
दादा