श्रावणातली अळणी कोंबडी

वालावल,
१८ ऑगस्ट २०२५

चि. किशोरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळी खुशाल आहेत. भाताची लावणी आटोपली. ह्यांनी गणपतीची भिंत रंगवायला काढली आहे आणि भिंतीपेक्षा स्वतःलाच जास्त रंग लावला आहे. जावईबापूंचा खोकला कसा आहे?

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्येच ओरडतेस. पत्रावर कितीही ओरडलीस तरी ते पुढचं सांगतंच.

तर ऐक. मी श्रावणात कोंबडी खाल्ली.

कणकवलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही. भात, घावणे, साबुदाणा कमी करा. कातडी काढलेली कोंबडी, अंडी, कालवणातली मासळी आणि भाज्या खा. मी भात मुकाट्याने सोडला, पण पेज चालूच ठेवली. पेज म्हणजे पाणीच की! डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मग पेजही सोडली आणि आषाढात साखर जरा खाली आली. तेवढ्यात लागला श्रावण. उपास, खिचडी, खीर. साखर पुन्हा वर. पनीर खा म्हणशील, तर आणलं होतं. दोन घासांच्या पुढे गेलं नाही.

आमच्या सासूबाई तुला ठाऊकच आहेत. श्रावणात कुणी अंड्याचं नाव काढलं तरी त्या चूळ भरतात. त्यांना विचारायची माझी छाती नव्हती. एका सकाळी त्या स्वतःच तुळशीपुढे नारळ घेऊन उभ्या राहिल्या. देवाला गाऱ्हाणं घालणं पुरुषांचं काम, पण ह्यांना त्यांनी मागे उभं केलं आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "बा देवा म्हाराजा, ह्या घराची सून पायान अडली हा. डॉक्टरान तिका कोंबडी खावक सांगल्यान हा. श्रावणात ती तिच्या तोंडाक लागली, तर तो दोष तिका लावू नको, माझ्या पदरात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हे म्हणाले. नेहमीपेक्षा जरा जोरातच.

मग घरामागच्या मांगरात वेगळी चूल मांडून त्यांनी स्वतः कोंबडी शिजवली. कातडी नाही, खोबऱ्याचं वाटण नाही, तेल नावाला. स्वतःचा श्रावण कडक, त्यामुळे चव बघता येईना, आणि मीठ घालायचंच राहिलं. हे आशेने वाटी घेऊन आले आणि एका घासात परत गेले. मी मात्र सगळी खाल्ली. इतकं गोड जेवण मी माहेरीही जेवले नाही, राग मानू नकोस.

तुला फोनवर "गुडघा बरा आहे" म्हणायचे ते खोटं होतं. पावसाळा लागल्यापासून मला एकटीने उठता येत नव्हतं. ऐंशीच्या घरातली ही बाई मला आपल्या खांद्याचा आधार देऊन उठवत होती, आणि कुणाला सांगायचं नाही अशी मी तिला शपथ घातली होती.

तुळशीपुढच्या त्या सकाळपासून उपास सोडून मी डॉक्टरांनी सांगितलेलंच खाल्लं. आज रिपोर्ट आला. साखर उतरली. गणपती गेले की ऑपरेशन, तारीख मिळाली. तू रजा काढून ये, मला तू हवी आहेस.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरा झाला. आता माझो खांदो सोडशीत." आणि तोच खांदा पुढे करून त्यांनी मला जेवायला उठवलं.

सासूच्या पुण्यावर जेवणारी,
तुझी प्रेमताई