मुक्तपतनाची घरगुती शिकवणी

शनिवार, १ नोव्हेंबर
रीहामची फिजिक्सची शिकवणी आजपासून बंद. घरात इंजिनियर असताना पोरीने अलेक्झांड्रियाभर हिंडावं कशाला? आमच्या मुहर्रम बे मोहल्ल्यात लहानथोर मला बाशमुहंदिस म्हणतात, म्हणजे इंजिनियरसाहेब. कागदोपत्री मी लिफ्ट मेकॅनिक आहे. पण बावीस वर्षं वस्तू खाली पडू न देणाऱ्याला पडण्यातलं कळणार नाही, तर कुणाला? वीस तारखेला चाचणी. पास झाली तरच विज्ञान शाखा, नाहीतर इंजिनियर होणं विसरायचं. बायको नगवा म्हणाली, पोरीच्या आयुष्याशी खेळ नको. दुर्लक्ष केलं.

रविवार, २ नोव्हेंबर, सायं. ६
पहिलं गणित. वीस मीटरवरून दगड सोडला, किती सेकंदात पडेल? इमारत कुठली, ते दिलेलं नाही. सूत्रात v च्या पायाशी पाचाचा आकडा दिसला, म्हणून सुरुवातीचा वेग पाच धरला. उत्तर दीड सेकंद. मागे छापलंय दोन. छपाईची चूक.
रीहाम म्हणाली, बाबा, तो आपला पाच नाही, इंग्रजी शून्य आहे. आता आपला अरबी पाच गोल असतो आणि शून्य म्हणजे टिंब, हे शेंबडं पोरही सांगेल. शून्य हवं होतं तर टिंब द्यायचं. तिची शंका काढायची सवय मोडायला हवी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
शिकवणी नाही. एका इमारतीत लिफ्ट अडकली, आत वकील. उद्यापासून रोज दोन तास, काही झालं तरी.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
बुधवार-गुरुवार राहून गेलं. आज नमाजनंतर प्रयोग. बाल्कनीतून बटाटा आणि मोठा पाना एकदम सोडायचे. पाना आधी पडणार, असं रीहामला लिहून दिलं. दोन्ही एकदमच पडले. समुद्राकडून वारा होता. दुसऱ्या खेपेला बटाटा पहिल्या मजल्यावरच्या उम्म शादीच्या धुण्यावर गेला. ती चार मजले चढून आली आणि धापा टाकत म्हणाली, अहो बाशमुहंदिस, खाली काय कुणीही सोडतं. रमजानपासून बंद पडलेली ही लिफ्ट तेवढी वर चढवून दाखवा.
पार्ट मागवलाय.

सोमवार, १० नोव्हेंबर
वर फेकलेला चेंडू. अगदी वर पोचला की क्षणभर थांबतो, म्हणजे तिथे त्वरण शून्य, असं समजावलं. लिफ्ट मजल्यावर थांबते तसंच. रीहामने विचारलं, मग तो तिथेच का राहत नाही? प्रश्न चांगला होता. चहा घ्यायला उठलो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
डोकं जड. आज रीहामनेच कपाटाच्या दारावर खडूने गणितं सोडवली, मी देखरेख केली. खरी शिकवणी म्हणजे देखरेख. मधेमधे ती मला विचारायची, समजलं का? पोरीने माझी शैली उचलली आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
शिकवण्याचा शीण येतो. आज पाच गणितं तिने मला करायला दिली, बहुधा माझी पद्धत पाहायला. तीन बरोबर. दोन अवघड होती.

गुरुवार, २० नोव्हेंबर
चाचणी झाली. पेपर कसा गेला, विचारलं. बरा, म्हणाली. मला रात्री जेवण गेलं नाही. नापास झाली तर नगवाला तोंड कसं दाखवू?

मंगळवार, २५ नोव्हेंबर
वीसपैकी एकोणीस! कॉफीच्या दुकानात चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा त्यांनीच सांगितलं. आता रीतसर क्लास काढावा म्हणतो. रंगाऱ्याला पाटी सांगितली: बाशमुहंदिस फर्गली, पडण्याचे तज्ज्ञ.

बुधवार, २६ नोव्हेंबर
तिचे शिक्षक मिस्टर वदीअ यांनी भेटायला बोलावलं. इस्त्रीचा कोट घातला. म्हणाले, दुसऱ्याला शिकवल्याशिवाय विषय असा पक्का होत नाही. म्हटलं, रोज संध्याकाळी बसतो ना आम्ही.
ते म्हणाले, हो, रीहाम सांगत होती. घरी तिचा एक विद्यार्थी आहे म्हणे. वयस्क, जरा हट्टी, पण मन लावून बसतो. त्याच्यासाठी एकेक गोष्ट दहादा समजावताना तिची तयारी झाली. कोण हो तो?
म्हटलं, नात्यातला आहे.
आता त्याला कितपत येतं, त्यांनी विचारलं.
म्हटलं, पाचपैकी तीन.
वाटेत रंगाऱ्याला पाटी थांबवायला सांगितली. घरी आलो तर रीहामने कपाटाचं दार पुसून ठेवलं होतं. म्हणाली, बसा बाबा, आज तिरका फेकलेला चेंडू.
बसलो.