कमानीचा गालिचा

प्रिय सुशीले,

परवा तुझे वर्षश्राद्ध. तुझ्या नावाने शय्यादान करायचे ठरले होते: गादी, पांघरूण, छत्री, पादत्राणे आणि त्यांसोबत तो तांबडा गालिचा. काल दुपारपासून मात्र मन इतके अस्वस्थ आहे की संध्येतही मंत्र चुकतो आहे. म्हणून तुलाच विचारतो. तो गालिचा आपला होता का?

ज्यावर आपले स्वत्व, आपली मालकी नाही ते देता येत नाही, दिले तर ते दान नव्हे, अपहार, असे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. आणि मीच त्यावर उदक सोडायला निघालो होतो.

बारा वर्षांपूर्वी तू तो घरात आणलास, तेव्हा मी विचारले होते, "हे कुणाकडून?" तू म्हणालीस, "शेजारच्या रझियाआपा घर मोडून मुलाकडे उदगीरला चालल्यात. त्यांच्याकडचा आहे." घर मोडताना लोक वस्तू विकतात; तू घेतला असशील, असे मी गृहीत धरले. पुढे मी विचारले नाही, तूही सांगितले नाहीस. का गं?

चातुर्मासात पोथीचा चौरंग मी त्यावर मांडू लागलो. त्यात विणलेली कमान आणि तिच्यातला टांगता दिवा दाखवून दरवर्षी श्रोत्यांना सांगत असे, हा देव्हारा, हा नंदादीप. विणणारा कुणी मोठा भाविक असला पाहिजे. तू दाराशी वाती वळत बसायचीस. एकदा तुला हसू आवरले नाही आणि मी चारचौघांत रागावलो होतो. आठवते?

काल मीराने हट्ट धरला. आपल्या लेकीचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. "बाबा, द्यायचा तर द्या, पण काय देताय ते तरी बघा." जुन्या गालिच्यांचा व्यवहार करणाऱ्या मुस्तफाभाईंना तिने घरी बोलावले.

मी नक्षी समजावू लागलो, तर ते म्हणाले, "तोंड ऱ्हाऊ द्या गुरुजी, आधी पाठ दाखवा." गालिचा उलटा केला. पाठीवरही तीच कमान, तितकीच स्पष्ट, आणि गाठी किंचित लहानमोठ्या. "मशीनला असं वाकडं येत न्हाई." कडेची झालर ओढून पाहिली, ती वरून शिवलेली नव्हती, आतल्या उभ्या ताण्याचेच दोरे बाहेर आले होते. ओला पांढरा रुमाल तांबड्यावर घासला. रंग लागला नाही. एक तंतू जाळला, तर केस जळल्यासारखा वास आला. "अस्सल लोकर. हाताच्या गाठीचा हाय."

मीराने किंमत विचारली. त्यांनी गालिचा सुलटा केला आणि खालच्या बाजूच्या दोन झिजलेल्या जागांवर तळहात ठेवले.

"हे काय समजत होता तुम्ही?"

"चौरंगाच्या पायांनी झिजले असेल," मी म्हणालो.

"तुमच्या चौरंगाला दोनच पाय हायत का, गुरुजी? हे गुडघे हायत. अन् वर कमानीत झिजलंय ते कपाळ. जानमाज हाय हा, नमाजाचा. कुणीतरी उमर घातली यावर." मग म्हणाले, "झीज असली की बाजारात भाव उतरतो. पण ज्यांच्या घरचा हाय त्यांना इचारा. असला गालिचा कुणी इकत न्हाई, अमानत ठेवतेत."

ते गेल्यावर मीरा हळूच म्हणाली, "आई गेली त्या महिन्यात उदगीरहून एका बाईंचा फोन आला होता. आईनं काही सांगून ठेवलंय का, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. रडल्या, अन् फोन ठेवला."

नंबर अजून तिच्याकडे होता. आज सकाळी मी बोललो. रझियाआपाच होत्या.

"माझ्या अम्मीचा हाय, गुरुजी. लेकाची खोली गळकी होती. भाभी म्हणल्या, पक्कं घर झालं की न्या. घर झालं अन् भाभी गेल्या. कागद न्हाई, पत्तर न्हाई, कुण्या तोंडानं मागू?"

सुशीले, तू मला का सांगितले नाहीस ते आता कळते, आणि तेच बोचते. त्या दिवसांत माझे सोवळे इतके कडक होते, की जानमाज हा शब्द ऐकताच मी तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता. तू मुकाट्याने ठेव राखलीस आणि मी ज्ञानी म्हणवून घेत भलताच अर्थ सांगत राहिलो. पण जाताना तरी माझ्या कानावर घालायचे होतेस. मीराने हट्ट धरला नसता तर?

एक गोष्ट फोनवर विचारायचा धीर झाला नाही. त्यांच्या आईने जिथे कपाळ टेकले, तिथे मी इतकी वर्षे चौरंग मांडला. माझ्या लेखी ती पोथीची सेवा होती. त्यांच्या लेखी काय असेल? तू त्यांना विचारले होतेस का?

परवाच्या दानात माझी घोंगडी देईन. ती निःसंशय माझी आहे. आणि गालिचा मीराच्या हाती पाठवणार नाही. उद्या सकाळच्या उदगीरच्या एसटीने मी स्वतः नेईन. चौरंगाचे आधी सांगेन, गाठोडे नंतर सोडेन. त्या जे बोलतील ते खाली बसून ऐकून घेईन. हा माझा तुला शब्द.

तुझा,
नारायण