दोन माणसांची गाडी

६ ऑक्टोबर १९५८

आणली एकदाची! बैल लावून!

सॉलिसिटरसाहेबांच्या बंगल्यापासून आमच्या वाडीपर्यंत दोन बैलजोड्या, मागून ढकलायला सहा गडी, आणि सर्वांच्या पुढे आमचा रतन – जशी काही त्याचीच वरात निघालीय. गाडी कसली, नुसता सांगाडा! दोन सीटांची, लांब नाकाची, विलायती. लढाईच्या आधी साहेब ती शिडाच्या पडावात घालून मुंबईहून आणत. साहेब वारले. मुलाला नागावला यायला फुरसत नाही. गाडी झावळ्यांच्या छपराखाली तशीच पडून, आत कोंबड्या अंडी घालत. परवा एका दिवसापुरता आला तेव्हा बाबांना म्हणाला, "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल."

भावाने मुंबईच्या कारखान्यात मुकादमाला मारून नोकरी घालवली तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. एका घरात राहून चार वर्षं नाही! आज संध्याकाळी त्यांनी गाडीचं झाकण उचललं, आत डोकावले आणि म्हणाले, "रतन, कंदील धर."

संपलं. एवढ्यावर मिटलं सगळं.

चार वर्षं त्यांना रोज पेपर वाचून दाखवते मी. शाळेत शिकवून आल्या आल्या चहा टाकते मी. पण आज कंदिलाच्या उजेडात त्यांचं तोंड जसं फुललं होतं तसं माझ्यापुढे कधी फुललेलं नाही.

९ ऑक्टोबर

इंजिन जाम. रॉकेल आणि तेल ओतून ठेवलंय. रोज सकाळी दोघं जाऊन हँडल फिरवून बघतात – देवदर्शनाला जावं तसे. आई म्हणते, "बापलेक बोलाया लागले, हेच खूप हाय." तिला तेवढंच हवं होतं.

२ नोव्हेंबर

गाडीच्या सीटखाली पुस्तक सापडलं. गाडी कशी खोलायची, कशी जोडायची त्याचं. कडा उंदरांनी खाल्लेल्या. सगळं इंग्रजीत! बाबांचा जन्म रेवसच्या लाँचवर इंजिन चालवण्यात गेला, इंग्रजीशी संबंध नाही. रतनने शाळा अर्ध्यात सोडली. मग आले माझ्याकडे.

"बाय, जरा वाच गं."

डिक्शनरी घेऊन गाडीच्या शेडकडे निघाले तर म्हणतात, "तू ओट्यावरच बस. तिथं तेल लागंल." म्हणजे वाचायचं मी आणि हात लावायचा त्यांनी! मी मास्तरीण, रतन इंजिनेर.

इंजिनाशेजारी उभं राहून राहून बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. म्हणून ओरडून वाचायचं. समोरच्या सखुबाईने आज हाक मारून विचारलं, "गे कमळ, हा कारबुरेटर कोण? पावना हाय का तुमचा?"

हसू आलं. पण राग जास्त आला.

१२ नोव्हेंबर

पाडवा. इंजिन सुटलं. बाबांनी रतनला मिठी मारली. तेलकट अंगाने!

१३ नोव्हेंबर

भाऊबीज. ओवाळताना रतनच्या नखांत ग्रीस. ताटात काही नाही. "ताई, गाडी होऊ दे, मग बघ."

गाडी होऊ दे!

११ जानेवारी १९५९

पत्रा काढला तर आतलं लाकूड वाळवीने खाल्लेलं. या गाड्यांना आत लाकडाची चौकट असते – मीच वाचून सांगितलं होतं, तेव्हा रतन म्हणाला, "कायतरीच काय, गाडी हाय का कपाट?" आता बसला डोकं धरून.

रेवदंड्याहून धर्माजी सुतार आलाय. होड्या बांधणारा. साग आणलाय, तोही बाबांनी रोखीने. यंदाची सुपारी झाडावर असतानाच देऊन टाकली व्यापाऱ्याला. आईला सांगितलंसुद्धा नाही.

१८ जानेवारी

दारं बसेनात! धर्माजीचा हात होडीला बसलेला, त्याने चौकटीला होडीसारखा बाक दिला. बाबा म्हणाले, "धर्माजी, रस्त्यावर चालवायची का रेवदंड्याच्या खाडीत?" आणि तिघं असे हसले की विहिरीपर्यंत आवाज आला. बाबा असे हसतात? मला सव्विसाव्या वर्षी कळलं.

चहा घेऊन गेले. मी शेडच्या दारात आले आणि गप्प! बाबा लगेच पाना शोधायला लागले. हे असं नेहमी होतं. लांबून बघावं तर बाबांचे हात हलताहेत, तोंड चाललंय, रतन मान डोलावतोय. मी गेले की दोघांना वाचा नाही.

कपबश्या आपटून ठेवल्या. एका कपाचा कान गेला.

२२ फेब्रुवारी

रतन मुंबईहून परत. चोरबाजार पालथा घातला म्हणतो. पिस्टनच्या रिंगा मिळाल्या – त्या मोठ्या निघाल्या. त्या मापाचे टायर नाहीतच. बाहेरून माल यायला परवाना लागतो, आणि आमच्यासारख्याला परवाना कोण देणार? शेवटी एका पारशाच्या गॅरेजमधले दोन जुने टायर आणले, तेही झिजलेले. प्रत्येक वस्तूला दोनदा पैसे – एकदा चुकीची आणायला, एकदा बरोबर आणायला.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. मी शाळेच्या पैशातून एक छत्री आणली होती तर, "जुनी काय झाली व्हती?"

८ मार्च

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचं मी विचारलं. जूनला जायचं असेल तर आता कळवायला हवं. पोस्टातले पैसे त्यासाठीच ठेवलेले, बाबांनीच ठेवले होते माझ्या नावाने.

बाबा बराच वेळ दोरी वळत बसले. मग – "यंदा ऱ्हाऊ दे, बाय. पुढल्या साली."

मी म्हटलं, "गाडीला लागले का?"

"इंजिनाला लागले."

वर बघितलंसुद्धा नाही.

९ मार्च

झोप नाही. तोच विचार. लग्न करून दिलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. वर्षाच्या आत बाबाच आले सासरी, माझ्या गालावरचा वळ बघितला, म्हणाले, "पेटी भर." लाँचवर इंजिनापाशी बसवून घरी आणलं. वाटेत एक अक्षर नाही. नंतरही नाही. मला वाटायचं, बाबांचा स्वभावच मुका. म्हणून मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

पण मुके नाहीतच ते! रतनशी बोलतात की! तासन्‌तास बोलतात. माझ्याशीच शब्द नाहीत त्यांच्याकडे.

१० मार्च

आजपासून वाचणार नाही. "डोळे दुखतात," सांगितलं.

२५ मार्च

धुळवड. रतन शेडमधून काळा होऊनच आला, रंगाची गरज नाही. माझे डोळे अजून दुखतात.

४ एप्रिल

रतनने अंदाजाने इंजिनाचं वरचं झाकण आवळलं. बोल्ट तुटला आत! अर्धा बाहेर, अर्धा लोखंडात. किती आवळायचं ते पुस्तकात लिहिलंय, मला तोंडपाठ आहे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बरं झालं!

हो, लिहिते – बरं झालं. हे पान कुणी वाचणार नाही. रतन रडवेला होऊन पायरीवर बसला होता आणि मला आतून गार वाटलं. वाटलं, मोडू दे, सगळंच मोडू दे, पुन्हा कोंबड्या बसू देत तिच्यात.

१२ एप्रिल

दुपारी शाळेतून आले तर बाबा ओट्यावर. मांडीवर पुस्तक, नाकावर चष्मा. अक्षर येत नाही तर चित्रांवरून बोट फिरवत होते – एका चित्रावरून दुसऱ्यावर, परत मागे. मी आलेली कळलंच नाही.

घेतलं हातातून पुस्तक. वाचलं. ओरडून वाचलं. काय करू?

तुटका बोल्ट कसा काढायचा तेही आहे त्यात. बाबा म्हणाले, "डोळे बरे झाले?"

"झाले."

१९ जुलै

पाऊस. शेड गळते, काम बंद. तरी दोघं तिथेच! गोणपाट पांघरून बसतात गाडीजवळ. आज पत्र्यावर धो धो कोसळत होता, त्यातून बाबांचा नुसता घुम्म आवाज येत होता. शब्द एक कळला नाही. खिडकीशी उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला. लाज वाटली आणि आत आले.

माझ्या बरोबरीची शेवंता कॉलेजात पोचली. तिचं पत्र आलंय पुण्याहून. उत्तर लिहिलं नाही.

६ सप्टेंबर

चालू झाली! पण कशी – खोकलेल्या म्हातारीसारखी. दोन ठोके नीट, एक गायब. रतन स्क्रू फिरवतो, बिघडते. उलटा फिरवतो, आणखी बिघडते. तीन दिवस हेच.

पुस्तकात उपाय आहे. या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर, दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. रबरी नळी घ्यायची, एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. आत हिस्स् असा आवाज येतो. दोन्हीकडे सारखा हिस्स् झाला की जमलं.

बाबांना ऐकू येत नाही. रतन म्हणतो, दोन्ही सारखेच. आणि गाडी खोकतेय.

७ सप्टेंबर

ओट्यावर वह्या तपासत होते. शेडकडून रतन धावत – "ताई, बाबा बोलावतात. आत ये म्हणाले."

पदर खोचला. गेले. बाबांनी नळी हातात दिली. मी एका तोंडाला लावली – मोठा श्वास. दुसऱ्याला लावली – बारीक, दमेकऱ्यासारखा. इतका स्पष्ट फरक! रतनला कसा कळला नाही?

"हा कमी ओढतोय."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे धरला. मी! पाव वळसा. ऐकलं. आणखी थोडा. पहिल्याचा जरा मागे. पुन्हा ऐकलं. रतन मध्ये काहीतरी बोलायला गेला तर बाबांनी हात वर केला – गप.

आणि एकदम ते इंजिन... काय लिहू. एकाच सुरात लागलं. पायाखालची जमीनसुद्धा थरथरायची थांबली. बाबांना ऐकू आलं नसेल, त्यांनी तळवा इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि डोळे मिटले.

"जमलं," म्हणाले. हात पुसायला स्वतःच्या खांद्यावरचं फडकं दिलं मला.

आज दुसरं काही लिहायचं नाही.

१८ ऑक्टोबर

पण पहिली फेरी कुणाची? बाबांची आणि रतनची!

हिरवा रंग दिलाय, रेक्झिनच्या सीटा. अख्खं नागाव रस्त्यावर. अलिबागहून फोटोवाला बोलावलेला. रतनने हॉर्न दाबला, बाबा शेजारी फेटा बांधून बसले. दोन माणसांची गाडी, आणि दोन्ही जागा भरलेल्या. मी आईजवळ गर्दीत. कुणीतरी ओरडलं, "बुधाजीचा पोरगा गुणाचा निघाला!" टाळ्या. बाबांनी हात केला सगळ्यांना.

कुणाच्या कानाने चालली ती गाडी? एकानेही विचारलं नाही. बाबांनी सांगितलंही नाही.

परत आल्यावर रतन म्हणाला, "ताई, बस, तुला समुद्रापर्यंत नेतो." "मला नको," म्हटलं. "भाकऱ्या टाकायच्यात." चुलीपाशी बसून रडले. धूर होता, कुणाला कळलं नाही.

८ नोव्हेंबर

गाडीला गिऱ्हाईक आलं. एवढे पैसे गुंतल्यावर विकणं भागच होतं. मुंबईचा कुणी कापडवाला, हौशी. त्याने गाडीला दोन चकरा मारल्या, एका टायरवर बोट ठेवलं, दारांच्या फटीत बोट घातलं आणि भाव पाडला. जेवढं घातलं त्याच्या निम्मंही आलं नाही. साग, सुपारी, रिंगा, रतनच्या मुंबईच्या खेपा – सगळं पाण्यात. आई कपाळाला हात लावून बसली.

बाबांनी आलेलं सगळं पोस्टात टाकलं. "बायच्या नावावर," असं आईला म्हणाले. मला नाही.

त्याच कापडवाल्याने रतनला ठेवून घेतलंय, गाड्या सांभाळायला. म्हणजे रतनला नोकरीही मिळाली. सगळं त्यालाच मिळालं.

१५ नोव्हेंबर

रतन गाडी घेऊन गेला. रेवसपर्यंत रस्त्याने, पुढे पडावातून. बाबा निरोपाला बाहेर आले नाहीत, वाडीत शिंपणं करत राहिले. रतन बोनेटचा पट्टा आवळत होता. मी शेवटी विचारलंच – "वर्षभर काय एवढं बोलायचात रे दोघं त्या शेडात?"

तो वळला. हसला नाही.

"मी कुठं बोलायचो? बाबाच. कमळने हे असं वाचलं, कमळच्या ध्यानात ऱ्हातं, कमळला त्या घरात दिली ही माझी चूक, कमळला पैल्यापासून लाँचवर न्यायला पायजे व्हती. रोज तेच. तू आलीस की गप्प. तुझ्या नावाचा वीट आला व्हता मला, ताई. कितीदा वाटलं, पाना फेकावा नि मुंबईला परत जावं."

गाडीत बसला. गेला.

संध्याकाळी बाबा ओट्यावर येऊन बसले. मी पेपर घेतला आणि वाचायला सुरुवात केली. पहिली बातमी नीट वाचताच येईना.

"मोठ्यानं वाच, बाय," म्हणाले.