चौथा फॉर्म

४ नोव्हेंबर, मंगळवार

भोंगा! तीनचा भोंगा! पेपर हातात, आणि कानात पिंपरीच्या आमच्या कंपनीचा तो जुना भोंगा. शिफ्ट सुटली की गेटवर एजंट ओरडायचा — "शेअरचे फॉर्म घ्या, फॉर्म! दहाचे शंभर होतील!"

आठवायचं कारण आजची बातमी. चाकणची ती स्प्रिंगवाली कंपनी परदेशी लोकांनी घेतली. शेअर आभाळाला! आणि ब्याण्णव साली घेतलेले तिचे शंभर शेअर आमच्या कपाटात!

नात हर्षालीने मोबाइलवर हिशेब केला. "आबा, बोनस-बिनस धरून बावीस लाख."

बावीस लाख! मी मटकन बसलो. बसलेलाच होतो, तरी बसलो.

५ नोव्हेंबर

सर्टिफिकेट सापडलं. नाव वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तेव्हा माणशी एकच फॉर्म चालायचा, आणि शेअर लागायचे सोडतीत. म्हणून सगळे घरादाराच्या नावाने भरायचे. शिफ्टमधल्या किसनने तर बैलाचं नाव टाकलेलं, आडनाव लावून! मी चार भरले. माझा, हिचा, आईचा. चौथ्याला घरात मोठं माणूसच उरेना. लिहिलं — कु. दीपमाला गव्हाणे. सोडतीत नेमकी तीच लागली!

हिने तेव्हा विचारलं होतं, "ही कोण बया?" मी म्हणालो, "कोणी नाही गं. कवितेतलं नाव." आज पुन्हा तेच विचारलं. मीही तेच सांगितलं. तेहतीस वर्षांत शब्द बदलला नाही — पाठांतर पक्कं!

"व्हय का," एवढंच म्हणाली, आणि भाजी आणायला गेली. भाजी कालच आणली होती.

६ नोव्हेंबर

चाकणला कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथली बाई म्हणाली, "काका, या मॅडमना घेऊन या. आधार, पॅन. आणि सही जुळली पाहिजे."

मॅडम!

सही तर मीच ठोकलेली.

७ नोव्हेंबर

कागदा, तुलाच सांगतो. दीपमाला आहे. खरी आहे.

खेडची शाळा, नववी ब. ती कविता म्हणायला उभी राहिली की गुरुजी खडू खाली ठेवायचे. शाळेचं हस्तलिखित आम्ही दोघांनी काढलं. तिची सही तिथेच पाहिली — आणि घरी पाटीवर गिरवली! बोललो म्हणावं तर तीन वाक्यं. त्यातलं एक, "शाई आहे का?"

बस्स, एवढंच. पण एवढंच होतं तर हिला तेव्हाच का नाही सांगितलं?

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात हिच्याशी एकच खोटं बोललो. तेच नेमकं बावीस लाखांचं निघावं!

८ नोव्हेंबर

ही वाढते, पण बोलत नाही. हर्षालीशी मात्र कुजबुज, तिच्या मोबाइलमध्ये डोकं घालून. आणि ही वही उशीखाली ठेवलेली, ती टेबलावर कशी आली? मी गेलो की दोघी गप्प!

पैसे गेले खड्ड्यात. म्हातारपणी हिचा अबोला सोसणार नाही. उद्या ते सर्टिफिकेट फाडायचं. ठरलं.

९ नोव्हेंबर, रविवार

फाडायला घेतलं आणि बेल वाजली. दार हिनेच उघडलं. इरकल नेसलेली — सकाळी नऊला!

बाहेर पांढऱ्या केसांची एक बाई.

"या दीपमालाताई," ही म्हणाली. "रावेतवरनं रिक्षा मिळाली ना लगेच? आधार कार्ड आणलंय न्हवं?"