कळीच्या चुन्याचा डबा

अंबरनाथ,
१८ ऑक्टोबर १९५४

श्री. श्यामकांत यांस, कुंदाचा नमस्कार.

मी बरी आहे. तुम्हीही बरेच असाल. इंग्लंडची थंडी मानवते असं मागच्या पत्रात, म्हणजे वैशाखात, लिहिलं होतंत. इथे भात कापणीला आलंय. दिवाळीआधी खोलीला चुना काढायचा म्हणून काल मोरिवलीच्या गोजरबाईला बोलावलं होतं.

आठवतं का हो? आपल्या पहिल्या दिवाळीत तुम्ही घमेल्यात कळीचा चुना घेऊन पाणी ओतलंत. तो रटरटायला लागला नि मी किंचाळले! तुम्ही त्यातच तांब्या ठेवून पाणी कढत केलंत. "चूल नाही, विस्तव नाही, मग ऊब कुठली? भट्टीतली! दगड भाजताना आत शिरली, ती पाणी मिळताच बाहेर येते. उष्णता हरवत नाही, कुंदा." केमिस्टची बायको ना मी, पाठच केलं ते.

उरलेला चुना डब्यात भरून फळीवर ठेवलात. "इंग्लंडात सहा महिन्यांचं तर शिक्षण. पुढच्या दिवाळीला मीच भिजवतो." दोन दिवाळ्या मी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. काल म्हटलं, पुरे झालं.

डब्यात खडे नव्हतेच, नुसतं पीठ. पाणी ओतून दोघी लांब उभ्या राहिलो. कसलं काय! ना वाफ, ना बुडबुडा. बोट लावलं तर थंडगार. असा राग आला तुमचा! म्हटलं, नियमसुद्धा खोटाच सांगून गेले.

मग ट्रंकेतलं तुमचं पुस्तक काढून बसले, तेव्हा उलगडलं. झाकण सैल होतं. हवेतला ओलावा थोडाथोडा आत गेला, ऊब थोडीथोडी बाहेर. डब्याला हात लावूनही कळली नसती इतकी हळू. नियम खराच तुमचा. ऊब निघून गेली तेव्हा समोर कुणी नव्हतं, इतकंच.

केवढा आनंद झाला मला समजल्याचा! पण सांगू कुणाला? गोजरबाईलाच सांगितलं. ती म्हणाली, "आसंल, बाय. पन भित पांढरी व्हईल ना?"

"होईल," म्हटलं, आणि रडूच कोसळलं. भिंत छान पांढरी झाली.

तुमच्या कारखान्यातले जयदेव भावजी इंग्लंडहून परत आलेत. तुमची खुशाली विचारली, तर अर्धा चहा टाकून उठले. त्यांना मी अडवलं नाही. तुम्हालाच विचारते, तिकडे दुसरं कुणी आहे का? असेल तर तसं स्पष्ट लिहा. नसेल तर संक्रांतीच्या आत या. मला एकटीला नाही राहवत इथे. उल्हासनगरच्या कॅम्पात मुलींच्या शाळेत नोकरी मिळते आहे. तुमचं काहीच आलं नाही, तर संक्रांतीनंतर कारखान्याची ही खोली सोडून तिकडेच राहायला जाईन.

त्यानंतर आलात, तर मी दार उघडीन, चहा करीन, प्रवास कसा झाला विचारीन. भांडणार नाही. त्याचीच मला भीती वाटते.

आज राग येतोय. तो येतोय तोवर या.

अजून रागावलेली,
कुंदा