लातूरच्या फ्लॅटची मालकीण

श्रीयुत रेणुकादास,

मी सकाळच्या बसने लातूरला जात आहे. वरण कुकरमध्ये आहे. फोडणी तेवढी आपल्यालाच द्यावी लागेल.

काल आपण बाहेर असताना लातूरच्या फ्लॅटमधून सिंधुताईंचा फोन आला. "मॅडम, साहेब म्हनले खाली करा, क्लासची पोरं ठिवायचीत. आमच्या पुनमची बारावी हाय, परीक्षेच्या तोंडावर कुठं जावं आमी?" परगावच्या मुलांच्या अभ्यासाची सोय व्हावी म्हणून भाडेकरूच्या मुलीला अभ्यासावरून उठवायचे, हे अर्थशास्त्र मी वाचलेल्या कोणत्याही ग्रंथात नाही.

मुद्रांक शुल्कात स्त्रियांना सवलत मिळते म्हणून आपण तो फ्लॅट माझ्या नावावर घेतलात आणि पुढे ते विसरलात. माझी सही आपण आजवर शिक्क्यासारखी वापरली. आज ती मी स्वतः विचार करून करणार आहे: सिंधुताईंच्या करारावर, पुढच्या तीन वर्षांसाठी, आहे त्याच भाड्यात.

परवा परतेन, तेव्हा बोलू. तोवर निःशंक राहावे. हे नांदेडचे घरही त्याच सवलतीत घेतलेले आहे, आणि आपल्याला खाली करायला मी अद्याप सांगितलेले नाही.

सौदामिनी